रुमाल टाकलेली सीट

धायरीहून सुटणाऱ्या बसला त्या बाई मला रोज दिसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. बस नीट थांबायच्या आत त्या खिडकीतून निळा रुमाल सीटवर टाकत आणि मग सावकाश, पदर सावरत चढत.

त्या दिवसांत मी लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर, म्हणजे संगणकाच्या डिस्कवर फाइलींना जागा देणाऱ्या भागावर, काम करत होतो. मेमरी भरली की संगणक तिथलं सामान डिस्कवरच्या स्वॅप फाइलमध्ये हलवतो. त्या फाइलसाठी आम्ही जागा आधीच राखायचो. पण तिथे काहीच लिहिलेलं नसायचं, म्हणून आमचा कोड ती जागा राखलेलीच नाही असं समजून फाइल नाकारायचा. ग्राहकाची मशीनं बंद पडत होती आणि मला काही सुचत नव्हतं.

एकदा एक गृहस्थ तो रुमाल बाजूला सारून बसले. म्हणाले, “रिकामीच तर आहे.”

बाई दारातूनच कडाडल्या, “अहो, मग रुमाल काय वाळत घातलाय?”

गृहस्थ उठले. मी हसलो आणि मधेच थांबलो. आमचा कोडही फक्त कोणी बसलंय का ते बघत होता. रुमाल बघतच नव्हता. ऑफिसात जाऊन मी त्याला राखीव जागेची खूण ओळखायला लावली. संध्याकाळी फाइल चालली.

आभार कशाबद्दल, हे बाईंना सांगणं अवघड होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या चढेपर्यंत मी त्यांच्या सीटपाशी राखणीला उभा राहिलो.

त्यांनी मला संशयाने न्याहाळलं. “अहो, रुमाल माझा आहे.”

ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार!