ताईच्या अंगठ्याला उशीर नव्हता

फोन आला तेव्हा देवास गेटच्या माझ्या दुकानात मी एका टीव्हीचं मागचं झाकण उघडून बसलो होतो. शेजारच्या पीसीओवाल्याने हाक मारली, "विनू भैया, घर से फोन है." पलीकडे आई होती. "ये रे लवकर," एवढंच म्हणाली. नानाखेड्याला घरी पोचेपर्यंत ताईचे डोळे कुणीतरी मिटवले होते. त्याला आता सात आठवडे झाले. शुभाताई, माझी मोठी बहीण, एकतीस वर्षांची होती.

कोर्टात ती हिंदी टायपिस्ट होती. वकील लोक मुद्दाम तिच्याच टेबलापाशी थांबायचे, कारण तिची बोटं चालायला लागली की कागद कधी संपला ते कळायचं नाही. बाजारात परदेशी मालाचा पूर आला तेव्हा आमच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम तिनेच आणला. ऑफिसातून आली, चहा झाला, की एक डाव. खड्ड्यांवरून उड्या मारत पळणारा एक छोटा माणूस, बस. टीव्ही दुरुस्त करणारा मी, पण तिला एकदाही हरवू शकलो नाही. "तू बटन दाबतोस रे, मी टाइप करते," म्हणायची आणि खळखळून हसायची.

मग टाइप करताना अक्षरं सुटायला लागली. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसा आणि स्नायू हळूहळू जातील, औषध नाही. आधी पाय गेले, मग डावा हात. दीड वर्षात ती मागच्या खोलीतल्या पलंगाला खिळली आणि टीव्ही पुढच्या खोलीत राहिला. एका दुपारी म्हणाली, "विनू, बसता येत नाही, पर अंगठा अभी ज़िंदा है."

त्या वाक्याने मी पिसाटलो. तिला पडल्या पडल्या खेळता येईल असा, बॅटरीवर चालणारा गेम करायचा ठरवलं. भंगारातल्या लॅपटॉपचा चपटा पडदा मिळाला, प्लायवुडचा डबा मीच कापला. अडलं ते एका कार्डावर. गेममधून येणारं चित्र असल्या पडद्याच्या मापात बसत नाही; ते बसवणाऱ्या कार्डाला आमच्या धंद्यात स्केलर म्हणतात. इंदूरच्या बाजारात दोन सापडले. एकाचं चित्र ओबडधोबड, कडा करवतीसारख्या. दुसऱ्याचं इतकं नितळ की दुकानदार म्हणाला, "भाईसाब, देखते रह जाओगे." मी पाहतच राहिलो. नितळ चित्राचं कार्ड घेतलं. बटण हातात धरून बघायचं मात्र सुचलं नाही.

डबा पलंगावर ठेवला तेव्हा ताईचा चेहरा उजळला. "किती छान दिसतंय रे!" तिने अंगठा टेकवला, डाव सुरू झाला आणि माणूस पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा पडला... सहा-सात वेळा. मग तिने अंगठा उचलून घेतला. "गेला रे हा पण," ती म्हणाली. त्या संध्याकाळी आईने वाटी पुढे केली तर चमचा तिने हातात घेतला नाही. "आई, आता तूच भरव."

दुसऱ्या दिवशी डबा दुकानात नेला आणि स्वतः खेळून पाहिला. माझाही माणूस खड्ड्यात पडला. ते कार्ड अख्खं चित्र आधी साठवायचं, घासूनपुसून मग दाखवायचं. ताईला खड्डा दिसायचा तोवर तो येऊन गेलेला असायचा. अंगठ्याला उशीर नव्हता, माझ्या कार्डाला होता. तेव्हाच घरी धावत जाऊन सांगायला हवं होतं. पण मला लाज वाटली. वाटलं, चित्र न घासता लगेच दाखवणारं ते ओबडधोबड कार्ड बसवून मगच सांगू, खूश होईल. ते आणून, जोडून, चित्र स्थिर व्हायला आठ दिवस गेले. आठ दिवस ती हात पोटावर ठेवून छताकडे बघत राहिली. आई म्हणायची, "हलव गं थोडं." ती म्हणायची, "कशाला?"

नवव्या दिवशी मी सांगितलं, "ताई, तुझी चूक नव्हती. कार्ड खराब निवडलं मी."

तिने छतावरची नजर माझ्याकडे वळवली. "तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस, विनू?"

मी डबा पलंगावर ठेवला आणि चालू केला.

आईने तिचा अंगठा बटणावर नेऊन ठेवला. चित्र खडबडीत होतं, माणसाला नाकडोळे नव्हते. ताईने दाबलं. माणूस उडाला, खड्डा पार झाला. दुसराही. तिसऱ्यापाशी अंगठा थरथरला आणि घसरला. त्यानंतर तो पुन्हा उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं. असेल. पण ते आठ दिवस तिचे होते, तिच्या हाताचे होते आणि ते मी घालवले.

पुढे आम्ही दोघं मिळून खेळायला लागलो. ती पडद्याकडे बघून "अब!" म्हणायची, मी दाबायचो. आवाज गेल्यावर भुवई उचलायची. मला कळायला उशीर व्हायचा, माणूस पडायचा, आणि ती नजरेनेच सांगायची, फिर से.

डबा अजून तिच्या पलंगावर आहे. आई चादर बदलते तेव्हा तो उचलते आणि तिथेच परत ठेवते. दुकानातून आलो की मी एक डाव लावतो. खड्डा जवळ येतो, बटण माझ्याच अंगठ्याखाली असतं... तरी मी पडदा सोडून उशीकडे बघतो. माणूस पडतो.