डॉक्टरांचा कान

पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांना काय सुचलं कोण जाणे, कामामुळे होणाऱ्या आजारांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला त्यांनी नाव घातलं. वर्गात सगळी पोरंसोरं, आणि हे टक्कल पहिल्या बाकावर, कारण मागे बसलं की सर पुटपुटतात. तसे पुटपुटायचे सगळेच: पेशंट, बायको, फोनवरची लेक. जगाची बोलण्याची पद्धतच बिघडलीय, असं डॉक्टरांचं ठाम मत होतं.

एकदा सरांनी एकमेकांचे कान तपासायला लावले आणि मग नावं झाकून आलेख वाचायला दिले. डॉक्टरांना हुरूप आला.

"वरच्या पट्टीच्या आवाजांपाशी ही रेघ खड्ड्यात गेलीय," ते ऐटीत म्हणाले. "वर्षानुवर्षं ठोकाठोकीत काढलेला माणूस दिसतोय. इतकं होईपर्यंत झोपला होता का हा बाबा?"

"तो आलेख तुमचा आहे," सर म्हणाले.

"काय?"

सरांना ओरडून सांगावं लागलं. ते सगळ्या वर्गाला ऐकू गेलं.

डॉक्टरांच्या दवाखान्याखाली पत्र्याच्या पेट्यांचा कारखाना होता. तिथल्या मालकाचं ब्लडप्रेशर ते इमानेइतबारे तपासत. ठोकाठोकी मात्र त्यांच्या लेखी नुसता शेजार होता.

घरी येऊन पडेल चेहऱ्याने त्यांनी बायकोला सांगितलं, "इतकी वर्षं तुझं निम्मं बोलणं मला ऐकूच आलेलं नाही गं."

बायकोने गॅस बंद केला आणि खुर्ची थेट त्यांच्या कानाशी ओढली.

"मग बसा. पहिल्यापासून सांगते."