टरबुजातली बियांची रांग

सीताफळ खाताना बियांचा ढीग कधी साचतो ते कळत नाही. आर्णीच्या बसस्टँडजवळच्या गफूरचाचांच्या फ्रूटप्लेटच्या गाडीवरचे किस्से माझ्याकडे तसेच साचले. कापसाचे दिवस फिरले, सरकी काढायची आमची जिनिंग मिल बंद पडली आणि मी रोज त्यांच्या बाकावर बसू लागलो. चाचा म्हणायचे, "तू सरकी काढणारा, मी बिया काढणारा. एकाच धंद्यातले हाओत आपन."

*

पपईचं त्यांना कौतुक. चिरली की बिया एकजुटीने बसलेल्या, चमचा फिरवला की एकजुटीनेच बाहेर. लिंबावर मात्र राग. "याची बी लपून बसते, अन् कापली गेली की बदला घेते. सारा रस कडू."

*

सफरचंद ते कानाशी धरून हलवायचे. आत बिया वाजल्या तर पिकलं. एक मास्तर हसले, "चाचा, कोनाचा फोन हाय?"

"तुमच्या घरचा. लवकर या म्हन्ते."

मास्तर अर्धी प्लेट टाकून खरंच घरी गेले.

*

खरी कला टरबुजात, म्हणजे कलिंगडात. आतल्या बिया रांगेत असतात. सालीवर अंगठा फिरवून चाचा बरोबर त्या रांगेत सुरी घालायचे, एकही बी कापली जायची नाही. काळ्या बिया नुसत्या बोटाने निघायच्या, आणि ते बघत माझी दुपार कुठे जायची कोण जाणे.

मी एकदा करून पाहिलं. प्रत्येक बीचे दोन तुकडे!

"सरकीबी अशीच फोडत होता काय? मंग जिनिंग बंदच पडन."

*

एकदा मी अगदी समोर उभा होतो, तरी त्यांनी विचारलं, "कोन हाय?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. किती तरी दिवस ते नुसत्या हाताने कापत होते.

"सांगू नको कोनाले. आंधळ्याच्या हातचं कोन खाईन?"

मी शब्द दिला, तरी जुबेदाचाचींना, त्यांच्या बायकोला, सांगितलं. त्यांनी यवतमाळला नेऊन ऑपरेशन करवलं. शब्द मोडल्याचं मला वाईट वाटलं, बरंही वाटलं.

*

काही महिन्यांनी चाचा चाचींसोबत गाडीवर आले. चष्म्यातून टरबूज न्याहाळून सुरी घातली. बिया कापल्या गेल्या. दुसरं घेतलं, तेच.

"दिसते सारं," ते हळूच म्हणाले, "पन रांग सापडून नाही राह्यली."

चाची पुढे आल्या. चष्मा काढून त्यांनी आपला तळहात चाचांच्या डोळ्यांवर ठेवला. "आता कापा."

अंगठा सालीवरून फिरला. फोड उघडली. एकही बी कापली गेली नव्हती.

चाचींनी हात काढला नाही. बाकावरचे सगळे प्लेट मागायचंही विसरून बघत राहिले.