कमल सिस्टरचे दोन शब्द

कमल सिस्टर गेल्याचं मला त्यांच्या वकिलांनी फोनवर कळवलं. "सिस्टर सकाळी गेल्या," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "खटलाही संपला आता." फोन ठेवल्यावर मला आधी हायसं वाटलं. ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणाला माझी दया यायला नको. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

माकणीच्या आसपासच्या गावांत त्यांनी पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढली. बाळंतपणं केली, लसी टोचल्या, रात्री-अपरात्री कुणाच्याही मोटारसायकलवर बसून गेल्या. निवृत्तीनंतर एका दुपारी त्या माझ्या छापखान्यात एक वही घेऊन आल्या. वयात येणाऱ्या पोरींसाठी शरीराची माहिती होती. मी दुसऱ्याच पानावर अडलो. बाईच्या अवयवांसाठी त्यांनी बायका आपसात बोलतात तेच दोन शब्द वापरले होते.

"सिस्टर, हे दोन बदलू या का?"

"कशाला? पुस्तकातला शब्द घातला की पोरींना वाटतं, ते दुसऱ्याच कुणाला असतंय." मग त्यांनी एका मुलीचं सांगितलं. "आठ महिने पोट दुखतंय, पोट दुखतंय म्हणत होती. दुखत होतं खाली. चारचौघांत सांगायला तिच्याकडं शब्दच न्हवता, दादा. मला कळलं तवर गाठ लई वाढली होती..." मी वही ठेवून घेतली. ओळ न् ओळ मीच टाइप केली, प्रुफं दोनदा तपासली. माझ्या बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "हे मला लग्नाआधी मिळायला पाहिजे होतं."

पुस्तिका शाळांमधून वाटली गेली. महिन्याभरात तालुक्यातल्या एका पुढाऱ्याला ती मुलीच्या दप्तरात सापडली आणि त्यानं फिर्याद दिली. ती मुलगी सिस्टरच्याच हातावर जन्मलेली. पोलिसांनी उरलेल्या प्रती पोत्यात भरून नेल्या. अश्लील साहित्याचं कलम लागलं. लेखिका म्हणून त्या आरोपी, मुद्रक म्हणून मी. ठाण्यातल्या साहेबांनी मला चहा पाजला. "न वाचता छापलं, असं लिहून द्या. तुम्हाला साक्षीदार करतो." मी सही केली. सरकारी छपाईची कामं जातील, ही भीती होती. दुसरं कारण नव्हतं.

कोर्टात सिस्टरच्या वकिलांनी फिर्यादीला विचारलं, यातलं नेमकं अश्लील काय? "सगळंच," तो म्हणाला. वाचून दाखवा म्हटल्यावर म्हणाला, "कसं वाचू? बाया बसल्यात." सरकारी वकील मदतीला धावले. "साहेब, वाचल्यावर लाज वाटते, तेच अश्लील." सिस्टरच्या वकिलांनी विचारलं, "कुणाला वाटली पाहिजे? नर्सला, बापाला, का त्या पोरीला?" न्यायाधीश तरुण होते. त्यांनी कलम पुन्हा वाचलं, चष्मा काढला, घातला... मग म्हणाले, शास्त्रासाठी असेल तर सूट आहे, पण शास्त्राला हेच शब्द लागतात का? तेव्हा सिस्टर उभ्या राहिल्या. "साहेब, हेच शब्द आमच्या आयांना बांधावरून शिवी म्हणून ऐकवले जायचे. तवा कुणी फिर्याद केली न्हाय. म्या तेच दुखण्याचं नाव म्हणून लिहिले, तर गुन्हा?" कोर्टानं पुढची तारीख दिली.

त्या तारखेला माझी साक्ष होती. मजकूर वाचला नव्हता, असं मी शपथेवर सांगितलं. त्यांचे वकील उलटतपासणीला उठले. माझ्या अक्षरात दुरुस्त्या केलेली, सिस्टरकडं राहिलेली प्रुफं त्यांच्या हातात होती. सिस्टरनी त्यांच्या कोटाची बाही धरली. "त्यांना काही विचारू नका. लेकरंबाळं आहेत त्यांना." सगळ्यांना ऐकू गेलं. सिस्टरनी रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढं न्यायाधीश बदलले, सिस्टरचे गुडघे गेले, तरी त्या एसटीनं तारखेला येत राहिल्या. मी छापखान्याच्या दारातून त्यांना जाताना बघायचो आणि आत वळायचो. आता आरोपी मयत म्हणून प्रकरण निकाली निघालंय. पुस्तिका अश्लील होती की नव्हती, ते कोर्टानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते दोन शब्द मीही इथं लिहिलेले नाहीत. ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हे लिहितोय तिथं ते चालणार नाहीत, हे मला कुणी न सांगताच कळतं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे सिस्टरच्या स्मरणार्थ ठेवलेल्या कार्यक्रमाच्या आधी त्यांची भाची छापखान्यात आली. कार्यक्रमाला वाटायला पुस्तिका पुन्हा छापून हवी होती. मी म्हणालो, "छापतो, फक्त ते दोन शब्द..." तिनं मला बोलू दिलं नाही. "मामा, मग त्यात मावशीचं काय राहिलं?" आणि ती गेली.

कार्यक्रमाला मी मागं बसलो होतो. बुद्धवंदना झाल्यावर तिनं पुस्तिका वाटल्या. माझ्या छापखान्यासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढलेल्या, स्टेपल मारलेल्या. एक माझ्याही हातात ठेवली. अक्षरं माझ्याच छापखान्यातली होती, दोन्ही शब्द जागच्या जागी. शेवटच्या पानावर मुद्रकाचं नाव असतं, तिथं तिनं कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढली होती. ती जागा कोरी होती.