दहा मिनिटांची परतवेळ

...आणि दहा मिनिटं उलटली तरी डांड्यावरचं, डोंगरधारेवरच्या खोपटातलं यंत्र काही परत आलं नाही, इथवर आपण आलो होतो. पंधरा झाली, अर्धा तास झाला. जितमान घर्ती पोखरा शहरात लेकीच्या घरी, तिच्याच लॅपटॉपपुढं बसून पडद्याकडं बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं, की यंत्राला परत यायला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं ते यानंच, आणि नेमकं तेच राहिलं होतं.

आता हा माणूस म्हणजे साधा माणूस नव्हे हो. सल्लेडांड्यावर दगडी खोपटात एकटा राहायचा. छपरावर इंटरनेटची लिंक पकडणाऱ्या दोन थाळ्या, एक खालच्या बाजाराकडं तोंड केलेली, दुसरी आमच्या तीन गावांकडं. आत उन्हावर भरणाऱ्या बॅटऱ्या आणि लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर. गावातली लेकरं मलेशियात नि कतारात. त्यांचा आवाज घरी यायचा तो या खोपटातून. जितमान स्वतः मलेशियात आठ वर्षं कम्प्युटरच्या इमारतीवर पहारेकरी होता. तिथल्या एका तमिळ कारागिरानं त्याला रिकाम्या वेळात हे सगळं शिकवलं. बायको गेल्याचा निरोप त्याला तिथं चौथ्या दिवशी मिळाला, तेव्हा इथं लिंक नव्हती. परत आला तो सरळ डांड्यावरच जाऊन बसला. बायका म्हणायच्या, म्हाताऱ्यानं यंत्राशी दुसरं लग्न लावलं.

शेजारच्या डांड्यांवरची छोटी यंत्रं तो बसल्या जागेवरून सांभाळायचा. दुरून यंत्राचा रस्ता बदलणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणं. एक आकडा चुकला, की यंत्र तिकडं, आपण इकडं, आणि मध्ये अर्ध्या दिवसाची चढण. म्हणून त्याच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं होतं: हात लावण्याआधी जुन्या फायलीवर तारीख घालून तिची नक्कल ठेव. मग यंत्राला सांग, दहा मिनिटांनी स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू हो. मगच बदल कर, तोही कच्चा. लिंक जिवंत राहिली तर परतवेळ रद्द करून बदल पक्का लिही. मेली, तर चहा पी. दहा मिनिटांनी यंत्र जुनं सगळं वाचत उठतं. अकरा वर्षं त्यानं हा क्रम मोडला नव्हता.

लेक जुनू चार दसैं, म्हणजे चार दसरे, बोलावत होती, बा, या वर्षी तरी कपाळीचा टीका तुमच्या हातचा लावून घ्यायचाय. अखेर गेला. खोपटाची किल्ली आरोग्य चौकीच्या खिमा सिस्टरनं मागितली होती. हा म्हणाला, "नको बहिनी, तू बॅटरीवर फोन चार्जिंगला लावशील आणि भाताचा कुकरही." किल्ली खिशातच घेऊन गेला.

पोखरा शहरात त्याचा जीव रमेना. सणाची तळलेली सेलरोटी पुढ्यात, नातवंडांचा दंगा आजूबाजूला, आणि हा गच्चीवर जाऊन उत्तरेकडं तोंड करून उभा. तिसऱ्या दिवशी पिशवीही भरून ठेवलेली जुनूनं पाहिली.

नवमीच्या सकाळी खिमाचा फोन आला, थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाली, दाइ, सणाला सगळे घरी आलेत, लिंक रांगतेय. गर्दीची थोडी वाट शेजारच्या डांड्यावरच्या यंत्राकडं वळवावी म्हणून तो लॅपटॉपपुढं बसला. बसला आणि सातच्या जागी एक पडला. लिंक मेली.

उद्या टीका. परदेशातली पोरं आईबापांचा आशीर्वाद फोनवरच घेणार, आणि किल्ली याच्या खिशात. पिशवी तर भरलेलीच होती. जुनूनं चटणी बांधून दिली आणि दारात उभी राहिली. आमच्याकडं बापच लेकीच्या पाया पडतो, तसा त्यानं वाकून लेकीच्या पायाला हात लावला नि जीप पकडली.

डांड्याखाली मुक्काम करून दशमीला पहाटेच चढायला लागला. अकराच्या सुमाराला कुलूप उघडलं. यंत्र बिचारं चालूच होतं, चुकीच्या दिशेला हाका मारत. त्यानं तारखेची नक्कल काढून जागेवर ठेवली. दिवा हिरवा झाला. खाली गावात एकेक फोन वाजायला लागला असेल. एवढ्या उंचीवर त्याला ऐकू येत नव्हता. पिठाचा घट्ट ढिंडो शिजवावा म्हणून पाणी ठेवलं, पण आधी जुनूला फोन लावला.

पडद्यावर ती आली. सासरच्यांचा टीका तिनं कपाळाच्या एका बाजूला लावून घेतला होता. मधली जागा कोरी. पुढ्यात दही-तांदळाचा पांढरा टीका आणि जमरा, म्हणजे जवाचे पिवळे कोंब, तसेच झाकून ठेवलेले. आशीर्वाद तुम्ही म्हणा, बोट मी माझंच लावते, असं तिनं सांगितलं. त्यानं म्हटला, तिनं लावलं.

"बा, खरं सांगा," जुनू म्हणाली. "रागावणार नाही मी. माझ्या घरातून निघायचं होतं म्हणून तोडलीत का लिंक?"

जितमाननं छपरावरच्या थाळीकडं एकदा वर बघितलं.

"नाही गं पोरी. तू शेजारी येऊन बसलीस, काय करताय बा म्हणून विचारलंस, आणि सांगता सांगता माझी ती परतवेळेची एक ओळ राहिली. इथं माझ्या शेजारी कुणी बसत नाही, म्हणून चूक होत नाही."