वायरमनचा न उतरलेला डाव

आमच्या वायरमनच्या पायांना डोळे होते. कोल्हारच्या स्टँडवर कुणालाही विचारा. तिथं सगळेच थापा मारतात, पण या बाबतीत सगळे एकच थाप मारतील, म्हणजे ती खरी असणार. माझ्या खताच्या दुकानात तो यायचा तेव्हा आधी त्याचा उजवा पाय आत यायचा, इकडंतिकडं बघायचा आणि मग मागून वायरमन. काउंटरवरून काहीही घसरलं, पेन, किल्ली, लिंबू, टेस्टर, की ते फरशीला लागायच्या आत याच्या पायावर. एकदा चहाचा भरलेला ग्लास घसरला. यानं तो बुटाच्या चवड्यावर असा झेलला की निम्मा चहा शाबूत. बघायला होते ते सांगतात की सगळाच शाबूत होता आणि वर साय धरली होती. मी आपला निम्म्यावर ठाम आहे. अतिशयोक्तीचा मला भयंकर तिटकारा.

धंद्यानं तो मोटारी भरायचा, म्हणजे विहिरीवरच्या जळक्या मोटारींना नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायचा. पंखे बसवायचा, लग्नातल्या माळा टांगायचा. पण हे झालं हातांचं काम. पाय दुसऱ्याच नादाला लागले होते. फूटबॅग नावाचा एक खेळ आहे. लिंबाएवढी मऊ पिशवी, तिला हात न लावता पायांनी हवेत खेळवायची, ती वर असताना तिच्याभोवती पाय फिरवून आणायचा आणि शेवटी अंडं ठेवावं तशी बुटावर अलगद बसवायची. अख्ख्या जगात हा खेळ खेळणारे इतके थोडे, की आपल्याकडच्या एका लग्नाच्या पंगतीत सगळे बसतील आणि वाढपी म्हणेल, अजून येऊ द्या. वायरमननं तो मोबाईलवर पाहिला आणि त्या दिवसापासून तालुक्यातल्या निम्म्या मोटारी वेळेवर भरून मिळेनाशा झाल्या.

पहिली पिशवी त्याच्या आत्यानं शिवली. आई-बाप लहानपणीच गेलेले, आत्याबाईंनीच त्याला वाढवलं. त्यांनी जुन्या खणाच्या चोळीचे तुकडे जोडून पिशवी केली आणि यानं आत बाजरी भरली. आत्याबाईंनी ते पाहिलं मात्र, त्यांचा आवाज प्रवरेच्या पलीकडे ऐकू गेला. “अन्नाला पाय लावतो व्हय रं? लाज न्हाई वाटत?” बाजरी चिमण्यांना गेली. मग त्यांनीच नदीतली वाळू आणली, चहाच्या गाळणीनं गाळली, धुऊन वाळवली आणि पिशवीत भरली. प्रवरेतून वाळू उपसून नेणारे आम्ही पुष्कळ पाहिले, ट्रकवाले, जेसीबीवाले. मूठभर वाळू नेणाऱ्या त्या एकट्याच. वायरमन खेळायला लागण्याआधी पिशवी कपाळाला लावायचा. “आत्याच्या हातची हाय, भाऊ. तशीच कशी मारू?” म्हणजे आधी नमस्कार आणि मग लाथ. अशी भक्ती मी दुसरीकडं पाहिली नाही.

संध्याकाळी दुकानामागच्या मोकळ्या जागेत तो आम्हाला गोल करून उभं करायचा. माझी अडचण अशी की माझं पोट माझ्या आणि माझ्या पायांच्या मधे राहायला असे, त्यामुळे पिशवी आली कधी आणि गेली कधी हे मला दुसऱ्यांकडून कळायचं. माझ्याकडून पडली की मी म्हणायचो, “चुकलं रे.” तो लगेच हात वर करायचा. “रिंगणात माफी मागायची न्हाई, भाऊ. जगभर ह्योच कायदा हाय. माफीपायी खेळ थांबतो. उचलायची आन् दुसऱ्याला टाकायची. सोताला कधी टाकायची न्हाई.” हा कायदा तो घरीदारी सगळीकडं लावायचा. मोटार भरायला उशीर झाला म्हणून गिऱ्हाईक अंगावर आलं, तरी वायरमन कधी माफी मागायचा नाही. तो नुसता मोटार उचलायचा आणि दुसऱ्याकडं टाकायचा.

त्या खेळातला आणखी एक कायदा मात्र त्याच्या काळजात रुतला होता. नवा डाव जो कुणी सगळ्यांसमोर पहिल्यांदा उतरवील, त्यानं त्याला नाव ठेवायचं. मग जगात कुठंही तो डाव कुणी केला, तरी त्याच नावानं ओळखला जाणार. वायरमननं एक डाव शोधला होता. पिशवी टाचेनं मागून वर, एक पाय तिच्यावरून आत, दुसरा बाहेर, अंगाची गिरकी आणि ती डाव्या बुटावर आतल्या अंगाला येऊन बसायची. परदेशातल्या खेळगड्यांनी मोबाईलवर पाहून कळवलं की असा डाव अजून कुणी उतरवलेला नाही, पण इथं स्पर्धेत येऊन सगळ्यांसमोर उतरव, तेव्हा तो तुझा. नाव त्यानं आधीच ठरवलं होतं. “आत्या,” तो म्हणाला. “इचार करा, भाऊ. जपानातलं पोरगं घरी जाऊन आईला सांगंल, आज मला आत्या जमली.” हे बोलताना त्याचा चेहरा असा झाला होता की मला थट्टा सुचली नाही. माझ्या बाबतीत ही घटना दुर्मीळ आहे.

स्पर्धा फिनलंडमध्ये होती. गावानं हातभार लावला, त्यानं मोटारी भरल्या, कागदं झाली. व्हिसाच्या खिडकीशी साहेबानं विचारलं, कशाला चाललात? यानं म्हणे खिशातून पिशवी काढली आणि तिथंच खेळायला लागला, रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि साहेबानं उभं राहून शिक्का मारला. ही हकिगत वायरमनची, मी तिच्यात फक्त टाळ्या घातल्या. आत्याबाईंना एकच घोर होता. तिकडं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. “मंग देवाजवळ दिवा कवा लावत्यात ती मानसं?” त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं की तिकडं पंचायत भोंगा वाजवते, तेव्हा लावतात. त्यांना ते पटलं.

आता बुटांचं सांगतो. या खेळात जीव बुटांत असतो. नव्या बुटाचं नाक कडक आणि गोल, पिशवी त्याच्यावरून घसरते. वायरमनचे बूट वर्षानुवर्षं घासून, तुडवून, नाडी सैल बांधून इतके पसरट झाले होते की पुढून ते बदकाच्या चोचीसारखे दिसायचे. आतल्या अंगाला खोलगट खळगा पडला होता आणि पिशवी बरोबर त्या खळग्यात बसायची. रंग कुठला होता हे कुणालाच आठवत नव्हतं. तुम्हीआम्ही ते कुत्र्याला दिले नसते, कारण कुत्र्याचाही काही मान असतो. वायरमन मात्र ते उशाशी ठेवून झोपायचा.

तो मुंबईला विमानात बसला त्या दुपारी आत्याबाई पेढे घेऊन दुकानात आल्या. खुर्चीवर बसल्या, पदरानं घाम टिपला आणि म्हणाल्या, “बाबू, शनिवारी मी शिंगणापूरला गेल्ते. तेल वाह्यलं, रुईची माळ घातली. आन् त्याची समदी पीडा तिथंच सोडून आले बघ.”

“बरं केलंत,” मी पेढा तोंडात टाकत म्हणालो.

“त्यानं बॅगंत भरलेले ते फाटके बूट काढून थैलीत घालून गुपचूप नेल्ते. दिले सोडून देवाच्या दारात. पायातलं सोडलं म्हंजी साडेसाती सुटती. आन् तसले फाटके घालून परमुलखात जायचं म्हंजी आब ऱ्हातो का? बॅगंत नवे घातलेत, पांढरेशुभ्र. वर हळदीकुंकू लावलंय.”

शनीला सोडलेलं परत आणत नाहीत. आणि विमान तर उडालंच होतं. समोर आत्याबाई इतक्या समाधानानं बसल्या होत्या की मी तोच पेढा चघळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी वायरमनचा फोन आला. “भाऊ, बॅगंत पांढरे बूट हायेत.”

“माहिती आहे.”

“आत्यानं?”

“हो. तुझे शिंगणापूरला सोडले.”

मागं कुणीतरी परक्या भाषेत हसत होतं. मग वायरमन म्हणाला, “तिला काय बोलू नका. तिला कळलं तर जेवायची न्हाई.”

स्पर्धेच्या दिवशी मी दुकानातल्या टीव्हीला मोबाईल जोडला. खतांच्या गोण्यांवर निम्मं गाव बसलेलं, पुढच्या खुर्चीत आत्याबाई, नवं लुगडं नेसून. खेळ सुरू व्हायच्या आधी वायरमननं मला तिकडून निरोप पाठवला होता. एका फिनलंडच्या गड्यानं आपले जुने, मळलेले बूट याला देऊ केले होते. अगदी मापाचे. मी लगेच कळवलं, घाल, वेड्या, घाल! आणि पडद्यावर वायरमन आला तेव्हा त्याच्या पायांत पांढरे बूट होते. चुन्यासारखे पांढरे. उजव्या बुटावरचा कुंकवाचा ठिपका इथून दिसत होता.

“बघ, कसा साहेबावानी दिसतो!” आत्याबाई मागं वळून सगळ्यांना सांगत होत्या.

पिशवी त्यानं कपाळाला लावली. सुरुवातीचे डाव बरे झाले. मग तो थांबला, श्वास घेतला आणि टाचेनं पिशवी वर उडवली. एक पाय आत, दुसरा बाहेर, गिरकी. पिशवी बुटावर आली आणि घसरली. पुन्हा उडवली. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा तर ती बुटाच्या नाकावर क्षणभर बसलीसुद्धा. तिथले खेळाडू उभे राहून ओरडायला लागले, इथं माझ्याखालची युरियाची गोणी मी उसवली, आणि पिशवी हळूच, अगदी आदबीनं, खाली पडली. वेळ संपली.

“पडली का रं?” आत्याबाईंनी विचारलं.

“नाही हो. तिकडं शेवटी खाली टाकून नमस्कार करायची पद्धत आहे.”

तेवढ्यात वायरमननं पिशवी उचलून पुन्हा कपाळाला लावली. माझ्या थापेला जन्मात इतका भक्कम पुरावा मिळाला नव्हता. आत्याबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या दुकानानं वाजवल्या.

परत आल्यावर मी त्याला गाठून फैलावर घेतलं. “मापाचे बूट समोर असताना का नाही घातलेस?”

“आत्या बघत हुती,” तो म्हणाला.

“अरे, तो डाव तिच्याच नावाचा होता ना!”

“व्हय. पन बूट तिनं दिल्ते.” आणि तो मोटारीची तार गुंडाळायला लागला. घरी मात्र आत्याबाईंना सांगायचा, “तू पीडा सोडलीस म्हनून ढगातून सुखरूप आलो बघ.” त्या ते गावभर सांगत फिरायच्या. आम्ही सगळे माना डोलवायचो. अख्ख्या गावानं मिळून एक खोटं इतक्या शिस्तीत सांभाळलेलं मी दुसरं पाहिलं नाही, आणि मी ग्रामपंचायतीत होतो.

पुढच्या वर्षी पोलंडच्या एका मुलीनं तोच डाव सगळ्यांसमोर उतरवला. पोरगी मनानं खरी. तिनं वायरमनला लिहिलं की शोध तुझा आहे, तू नाव सांग, मी तेच ठेवते. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. म्हटलं, लिही! आता लिही! त्यानं मोबाईल हातात घेतला आणि लिहिलं, उतरवलास तू, नाव तुझं. मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या छापता येणार नाहीत. तो शांतपणे म्हणाला, “मी नुसता उडवला, भाऊ. उतरवला तिनं.” तिनं तिच्या भाषेतल्या कुठल्याशा पाखराचं नाव ठेवलं. आम्हा दोघांनाही ते कधी धड म्हणता आलं नाही.

पांढरे बूट तो रोज घालायचा. खांबावर, शेतात, बाजारात. ते पिवळे झाले, मग राखाडी. नाक पसरट व्हायला लागलं, आतल्या अंगाला खळगा धरू लागला. “अजून थोडं मळू द्या,” म्हणायचा. “मंग आनखी एक डाव हाय डोक्यात. त्याला ठेवू नाव.” तो डाव त्यानं मला कधी करून दाखवला नाही.

गळिताच्या हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता. वायरमन संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी येत होता. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही, आणि यात मी काहीही घातलेलं नाही.

त्याचं तेरावं झाल्यावर एका दुपारी मी आत्याबाईंकडं गेलो. त्या दारात बसल्या होत्या. मला बघून रडल्या नाहीत. आत जाऊन पाणी आणलं, मी पिऊन होईपर्यंत थांबल्या आणि मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाल्या, “बाबू, मी एकदाच सोडले रं त्याचे बूट. त्या येळंला तो ढगातून माघारी आला. दरसाली सोडाया पाहिजे हुते. माझंच चुकलं. तू शिकलेला हायेस, तू सांग. दरसाली सोडले असते तर वाचला असता का न्हाई?”

हो म्हणावं, तर त्याच्या मरणाचं ओझं या म्हातारीच्या डोक्यावर. नाही म्हणावं, तर बूट उगाच गेले, आणि त्यानं जिवापाड सांभाळलेलं सगळं तिच्यासमोर उघडं पडणार. फिनलंडात पंचायतीचा भोंगा वाजवणारा मी माणूस. आत्याबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी रिकामा तांब्या पुन्हा तोंडाला लावला आणि कितीतरी वेळ पाणी पीत राहिलो.