दामूची साखर आणि जोह्याचे गणपती

पेणजवळच्या जोहे गावातल्या आमच्या गणपतींच्या कारखान्यात माती रोज झाडून निघते. किस्से काही निघत नाहीत, कोपऱ्यात साठतच जातात. त्यातले बरेचसे दामूचे. दामू गणपतीचे डोळे आखतो. मी शेजारी बसून सोंडा रंगवतो.

*

धूसर दिसतं म्हणून दामूला पेणला नेलं. साखर निघाली! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, जेवलात की पोटामागची एक ग्रंथी रक्तातून निरोप धाडते. इन्सुलिन म्हणतात त्याला. तो पेशींना सांगतो, दार उघडा, साखर आत घ्या. तुमच्या पेशी आता ऐकत नाहीत."

दामू बायकोकडे, सखूकडे बघून म्हणाला, "माझं घरात कोण ऐकत नाय, पेशी काय ऐकतील!"

सखू म्हणाली, "सांगता काय तुम्ही? चहात अजून साखर घाल, हेच ना?"

*

गोड बंद झालं. मूर्तीच्या हातात मोदकही दामूच बसवायचा. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळे हात रिकामे!

मालक ओरडले. दामू म्हणाला, "मला नाय तर त्यालाबी नाय!"

*

आमचा पांडू पाय ओढत चालतो. एकदा कौलातल्या गांधीलमाश्या उठल्या, तर हाच सगळ्यांच्या आधी भातशेतात!

पेणच्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "घाबरलं की मूत्रपिंडावरची ग्रंथी रक्तात एक रस सोडते. छाती, पाय, सगळे एकदम ऐकतात."

पांडू म्हणाला, "मग तिला सांगा, रोज एसटीच्या टायमाला सोडत जा!"

*

दामूचं गोळ्यांनी भागेना. बाईंनी इन्सुलिनची सुई लिहून दिली. "निरोप आता बाहेरून द्यायचा. नाहीतर डोळे जातील."

दामू सुईला जाम भितो. म्हणाला, "गेले तर सोंड चाचपून आखीन!" पण त्या दिवशी एका मूर्तीचा डोळा वाकडा गेला. पुसून आखला, पुन्हा वाकडा. कोणी हसलं नाही.

*

आमच्यात डोळे आखले की मूर्ती बघायला लागते, असं मानतात. मग तिच्यासमोर शिवी नाही, विडी नाही.

एका दुपारी, जेवणाआधी, सखू सुई घेऊन कारखान्यातच आली. दामू गुपचूप उठला. डोळे आखलेले चार-पाच गणपती त्याने एकेक करून भिंतीकडे फिरवले. मग मला म्हणाला, "तूबी फिर."

मीही गणपतींच्या रांगेत भिंतीकडे तोंड करून बसलो.

सखूने सुई टोचली. मागून तिचा आवाज आला,

"दुखलं?"

"नाय."

"मग फिरवू देवांना?"

"थांब जरा, गो."